अफवांचा खेळ वर्गात खेळावा का? खेळावा, पण निम्मे पत्ते खरे ठेवून

प्रश्न दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका शाळेतल्या बाईंचा आहे. आठवीच्या मुलांना व्हॉट्सॲपवरच्या खोट्या बातम्यांबद्दल शिकवायचं आहे आणि त्यासाठी इंग्रजीत एक ऑनलाइन खेळ असल्याचं त्यांनी ऐकलं आहे. त्या विचारतात: खेळातून मुलं हे खरंच शिकतात का, शाळेत रेंज नसताना तो खेळायचा कसा, आणि मुलांना हाताने खोटं लिहायला लावणं बरं आहे का?

बाई, रत्नागिरीत एका दैनिकाच्या डेस्कवर मी ११ वर्षं काम केलं. त्यानंतर गेली ७ वर्षं शाळांमधून आणि बचत गटांच्या बैठकांतून हाच विषय खेळातून शिकवते आहे. खेळाचा उपयोग होतो. पण तो आहे तसा उचलून आणला तर आपल्या किनाऱ्यावरच्या मुलांना त्याचा अपायही होऊ शकतो. हे मला माझ्याच चुकीतून कळलं, म्हणून आधी ती चूक सांगते.

कोविडनंतर शाळा पुन्हा भरू लागल्या, त्या पावसाळ्यातली गोष्ट. एका शाळेत आठवी-नववीला सलग दोन दिवस मी खेळ घेतला. ३० चिठ्ठ्या होत्या आणि तीसच्या तीस खोट्या. मुलं दुसऱ्या दिवशी इतकी तरबेज झाली की चिठ्ठी पुरती वाचायच्या आत ओरडायची. ‘अतिमहत्त्वाचे’ दिसलं की खोटं. लाल अक्षरं दिसली की खोटं. ‘फॉरवर्ड केलेले’ दिसलं की खोटं. मी खुशीत घरी आले. पुढच्याच आठवड्यात जिल्ह्याला रेड अलर्ट मिळाला, जिल्हाधिकाऱ्यांनी शाळांना सुट्टी जाहीर केली आणि तो आदेश रात्री साडेनऊच्या सुमारास पालकांच्या ग्रुपवर आला. सकाळी शाळेच्या पडवीत तीन मुलं भिजून उभी होती. पऱ्या, म्हणजे वाटेवरचा ओढा, दुथडी भरला होता, साकवावरून पाणी चाललं होतं आणि ही तिघं एकमेकांचे हात धरून त्यावरून आली होती. मुख्याध्यापकांनी मला फोन लावून त्यातल्या एकाच्या हातात दिला. तो म्हणाला, “बाई, आम्हाला वाटलं फेक असणार. वर ‘तातडीचे’ लिहिलं होतं आणि फॉरवर्ड केलेलं होतं. तुम्हीच सांगितलेलंत ना.”

मुलं सुखरूप घरी गेली. पण त्या दिवसापासून मी ३० खोट्या चिठ्ठ्यांचा खेळ एकदाही घेतलेला नाही.

तुम्ही ज्या खेळाबद्दल ऐकलं आहे तो बहुधा ‘बॅड न्यूज’ असावा. नेदरलँड्समधला ‘ड्रॉग’ हा गट आणि केंब्रिज विद्यापीठातले मानसशास्त्राचे संशोधक यांनी मिळून तो तयार केला आणि २०१८ मध्ये सर्वांसाठी खुला केला. ब्राउझरमध्ये फुकट खेळता येतो, पंधरा-वीस मिनिटांत संपतो. यात खेळणारा स्वतःच खोट्या बातम्यांचा धंदा उघडतो. पडद्यावर दोन मोजपट्ट्या असतात, एक अनुयायांची आणि दुसरी विश्वासार्हतेची. फारच उघड खोटं बोललात तर विश्वासार्हता घसरते, फार सौम्य बोललात तर अनुयायी वाढत नाहीत. हा तोल सांभाळताना सहा युक्त्यांचे सहा बिल्ले मिळवायचे: तोतयेगिरी, भावना पेटवणं, लोकांत फूट पाडणं, कटकारस्थानाचा संशय पेरणं, टीका करणाऱ्याचीच बदनामी करणं आणि ट्रोलिंग.

यामागची कल्पना जुनी आहे. विल्यम मॅकग्वायर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला असं मांडलं की शरीराला लस देतात तशी मनालाही देता येते. खोट्या युक्तिवादाचा एक कमजोर डोस आधी द्यायचा, तो खोडायला शिकवायचा, मग पुढे खरा हल्ला झाला तर माणूस टिकतो. त्याने प्रयोगासाठी घेतलेली उदाहरणं अगदी साधी होती, प्रत्येक जेवणानंतर दात घासावेत, यासारखी. ज्या गोष्टीवर कधी कुणी शंकाच घेतलेली नाही तिचा बचाव करायची सवय माणसाला नसते आणि म्हणून तो पटकन डळमळतो, हे त्याचं निरीक्षण. गावाकडच्या ग्रुपवर मला ते रोज दिसतं.

आता तुमचा पहिला प्रश्न, मुलं शिकतात का. ‘बॅड न्यूज’ खेळलेल्या सुमारे १५ हजार लोकांच्या उत्तरांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. खेळानंतर लोक खोट्या मजकुराला कमी विश्वासार्ह मानू लागले होते. हा परिणाम किती टिकतो हेही पाहिलं गेलं. मधे मधे चाचणी घेतलेल्यांमध्ये तो तीन महिन्यांपर्यंत टिकला, बाकीच्यांमध्ये दोन महिन्यांत बराचसा ओसरला. इथपर्यंत सगळं चांगलं आहे. पण २०२३ मध्ये साउथहॅम्प्टन विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी अशाच खेळांच्या आधीच्या प्रयोगांची आकडेवारी वेगळ्या पद्धतीने पुन्हा तपासली. त्यांना दिसलं ते असं: खेळणाऱ्यांची खरं-खोटं वेगळं करण्याची नजर फारशी सुधारलेली नव्हती, ते एकूणच सगळ्याकडे जास्त संशयाने पाहू लागले होते. खऱ्या बातमीकडेसुद्धा. वाचताना मला साकवावरची ती तीन मुलं दिसत होती.

आपल्या देशातलाही एक अनुभव आहे. व्हॉट्सॲपसारख्या दिसणाऱ्या एका खेळाची हिंदी आवृत्ती उत्तर भारतात रीतसर प्रयोग करून तपासली गेली आणि तिथे अपेक्षित फरक दिसून आला नाही. माझं मत असं की परदेशात बेतलेला खेळ नुसत्या भाषांतराने आपला होत नाही. मुलाला खोटं कुठून येतं ते त्याच्या रोजच्या ओळखीच्या रूपात दिसायला हवं, आणि खेळानंतर मोठ्या माणसाने त्याच्याशी बसून बोलायला हवं. ते बोलणं वगळलं तर खेळ म्हणजे फक्त एक मजेची तासिका.

म्हणून मी पत्त्यांवर खेळते. रेंज लागत नाही, फोन लागत नाही. जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापून पत्ते करा, दोन तासिका आणि चार-चार जणांचे गट पुरतात.

पहिल्या तासिकेत मुलं खोटं तयार करतात. प्रत्येक गटाला एक खरी सूचना द्यायची, उदाहरणार्थ, ‘पुढील ४८ तास मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये’, आणि सोबत एका युक्तीचा पत्ता. ती युक्ती वापरून सूचनेचं खोटं रूप लिहायचं. तोतयेगिरी समजावताना मला व्याख्या करावी लागत नाही. मी विचारते, कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत भरून विकला तर? सगळ्यांच्या घरी हे बोलणं झालेलं असतं. मग सांगते की हवामान खात्याचं बोधचिन्ह किंवा तहसीलदारांचं लेटरहेड ही पेटी आहे, आत आंबा कुठला आहे ते पेटीवरून कळत नाही. मुलं लगेच विचारतात, मग आंबा कसा ओळखायचा? तिथेच दुसऱ्या तासिकेची पायाभरणी होते.

भावनेचा पत्ता गेल्या वर्षी मच्छीमारांच्या घरातल्या एका मुलीकडे गेला. तिने लिहून दाखवलं नाही, व्हॉइस नोटसारखं बोलूनच दाखवलं. दम लागल्यासारखा आवाज काढून: “अगं ताई, पप्पा आत्ता बंदरावरून आले. आपल्या दोन होड्या आल्या नाहीत. कोणी सांगत नाहीये, लपवतायत सगळे. मी रडत्येय. तू सगळ्यांना पाठव गं.” वर्ग गप्प झाला. ज्यांच्या घरचे समुद्रावर जातात त्या मुलांचे चेहरे उतरले. मी तिला विचारलं, यातला सगळ्यात ताकदीचा शब्द कुठला? तिने ‘पप्पा’ सांगितलं, दुसरीने ‘लपवतायत’. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, “आत्ता.”

तो बरोबर होता. हाच संदेश दोन वर्षांनी फिरला तरी त्यात ‘आत्ता’च लिहिलेलं असेल. वार नाही, तारीख नाही, होडीचं नाव नाही, बंदर कुठलं तेही नाही, फक्त ‘आत्ता’. त्या दिवसापासून त्या वर्गाने स्वतःचा नियम केला: ‘आत्ता’ दिसलं की ‘कधी?’ विचारायचं. मी शिकवलेल्या कुठल्याही नियमापेक्षा तो त्यांच्या जास्त लक्षात राहिला.

फूट पाडण्याच्या युक्तीबाबत मात्र सांभाळा. धर्म, जात, पक्ष यांना हात लावायचा नाही हे उघड आहे. सुरुवातीला मी ‘वरची वाडी आणि खालची वाडी’ असं काल्पनिक भांडण घ्यायचे. दुसऱ्याच वेळी लक्षात आलं की कोकणात वाडी म्हटली की तिच्यासोबत जात येते, आणि दोन मुलं खाली मान घालून बसली होती. आता मी फणस घेते. कापा चांगला की बरका. एका गटाने बरक्याच्या बाजूने आणि दुसऱ्याने काप्याच्या बाजूने भडकाऊ मजकूर लिहायचा. पंधरा मिनिटांत ‘कापेवाले गर्विष्ठ असतात’ इथवर गाडी येते, आवाज चढतात, कुणी खरोखर रुसतं. तिथे थांबवून विचारायचं, राग कुणाचा आला? फणसाचा तर नाही ना? मुलं हसत नाहीत, विचारात पडतात. हा क्षण हातचा जाऊ देऊ नका, त्यावर पाच मिनिटं जास्त गेली तरी चालेल.

कटकारस्थान, बदनामी, ट्रोलिंग या तीन युक्त्या मी आठवीला फार ताणत नाही, दहावीला घेते. त्याऐवजी माझा एक पत्ता आहे, ‘शेवट काप’. २०१८ मध्ये मुलं पळवणारी टोळी म्हणून देशभर एक व्हिडिओ फिरला. मोटरसायकलवरचे दोघे रस्त्यावरून एका लहान मुलाला उचलून नेतात. तो मुळात पाकिस्तानातल्या कराचीत केलेला, मुलांच्या सुरक्षिततेबद्दलचा जागृतीपट होता. शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि मूल पळवायला एक क्षण पुरतो अशा अर्थाचा फलक दाखवतात. शेवटचा तेवढा भाग कापला गेला आणि उरलेलं फिरत राहिलं. त्याच वर्षी, १ जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे मुलं पळवणारे समजून भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मी मुलांना कुठलाही व्हिडिओ दाखवत नाही, फक्त सांगते. मग एक खरी गोष्ट चार वाक्यांत फळ्यावर लिहून शेवटचं वाक्य पुसते आणि अर्थ कसा उलटतो ते त्यांनाच सांगायला लावते.

दुसरी तासिका खरी महत्त्वाची. यात २० पत्ते असतात, १० खरे आणि १० खोटे, आणि खऱ्यांतले निम्मे मुद्दाम ओबडधोबड: अशुद्ध लिहिलेले, लाल अक्षरांतले, चार उद्गारचिन्हांचे, कारण आपल्या ग्रामपंचायतीची खरी सूचनाही पुष्कळदा तशीच येते. खोट्यांतले काही सुबक, जावक क्रमांकासकट. खोट्याला खरं म्हटलं तर दोन गुण वजा, खऱ्याला खोटं म्हटलं तरीही दोन गुण वजा. तिसरं उत्तर असतं ‘मला माहीत नाही’. त्याला शून्य गुण, पण कुणाला विचारून खात्री करणार हे नेमकं सांगितलं तर पूर्ण तीन. ‘गुगलवर बघू’ चालत नाही. माणूस किंवा जागा सांगायची: तलाठी, पोलीस पाटील, मच्छीमार सोसायटी, जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा १०७७, हवामानासाठी कुलाब्याच्या प्रादेशिक हवामान केंद्राचं त्या दिवसाचं पत्रक. पहिल्या फेरीत सगळे हुशारी दाखवायला जातात आणि गुण घालवतात. तिसऱ्या फेरीपर्यंत ‘मला माहीत नाही, मी विचारतो’ हे वर्गात अभिमानाने म्हटलं जातं. बाई, मला या सगळ्या खटाटोपातून हवं असतं ते एवढंच.

याच तासिकेतला एक पत्ता किनाऱ्यावरच्या शाळेत जरूर ठेवा: ‘बंदरावर ११ नंबरचा बावटा लागला, आजवरचं सर्वात मोठं वादळ येत आहे.’ बावटा म्हणजे बंदरावर लावतात ती वादळाच्या इशाऱ्याची खूण, तिला नंबर असतो. मुलं आकड्याला भुलतात. तीन नंबरचा बावटा म्हणजे सावध राहा हे त्यांना घरून माहीत असतं, म्हणजे अकरा त्याच्या कितीतरी वर, असा हिशेब करतात. प्रत्यक्षात मोठ्या धोक्याचे इशारे १० पर्यंत संपतात. ११ नंबरचा अर्थ हवामान कार्यालयाशी संपर्क तुटला आहे, असा. हे एखाद्या तांडेलाच्या मुलाला ठाऊक असेल तर त्याला कुठलीही युक्ती ओळखायची गरजच पडत नाही, माहितीनेच खोटं पकडलं जातं. म्हणून खेळाबरोबर अर्धा तास बावटे, पिवळा-नारिंगी-लाल या इशाऱ्यांचे अर्थ आणि भरती-उधाणाचं वेळापत्रक यांवर घालवा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा.

इशारा खरा मानणं आपल्याकडे किती मोलाचं आहे ते तुम्हाला दापोलीत मी काय सांगू. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडे किनाऱ्यावर आलं आणि दापोली-मंडणगडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या करून गेलं. त्याचा इशारा आधी मिळाला होता. पुढच्या वर्षी २२ जुलैला चिपळूण बुडालं आणि त्याच दिवशी महाडजवळ तळियेवर दरड कोसळली. अशा मुलखात सगळंच खोटं मानायला शिकलेलं मूल आणि सगळंच खरं मानणारं मूल, दोघंही सारखीच धोक्यात आहेत. निसर्गनंतर कित्येक गावांत वीज आणि मोबाइल बराच काळ बंद होते, तरी अफवा थांबल्या नव्हत्या, त्या तोंडी फिरत होत्या. त्यामुळे हा विषय फोनपुरता आहे असं मुलांच्या मनात ठसू देऊ नका.

खोटं लिहायला लावणं बरं आहे का, हा तुमचा तिसरा प्रश्न. मला तो सर्वात आवडला, कारण तो फार कमी जण विचारतात. माझ्या अनुभवात मूल एकदा स्वतः खोटं रचतं तेव्हा त्याला रचनेचा सांगाडा दिसतो, नुसतं ऐकून तो दिसत नाही. पण काही गोष्टी पक्क्या पाळाव्या लागतात. प्रत्येक चिठ्ठीवर आडव्या मोठ्या अक्षरांत ‘खेळ’ असं आधीच लिहून ठेवायचं, म्हणजे कुणी चोरून फोटो काढला तरी तो मजकूर खरा म्हणून फिरणार नाही. तास संपताना सगळ्या चिठ्ठ्या मोजून परत घ्यायच्या आणि मुलांच्या हातून फाडायच्या. गावातल्या कुणाचंही नाव, दुकान, मंदिर, मशीद, होडी चिठ्ठीत येऊ द्यायची नाही. आजार आणि औषध हा विषय पहिल्या वर्षी टाळा, तिथे मुलांना खोटा उपायच लक्षात राहतो आणि खोडलेला भाग निसटतो. आणि ज्याचं खोटं सर्वात ‘चांगलं’ जमलं त्याला बक्षीस कधीही देऊ नका. बक्षीस द्यायचंच तर दुसऱ्या तासिकेतल्या ‘मी विचारतो’ला द्या.

घरचा भाग राहिला. मुलं घरी जाऊन आजोबांना चारचौघांत ‘हे फेक आहे’ म्हणतात आणि ओरडा खातात. गावकीच्या ग्रुपवर तर मुंबईचे चाकरमानीही असतात. पुराच्या दिवसांत विरारला बसलेल्या काकाला जुना व्हिडिओ कुणीतरी पाठवतो, तो घाबरून ग्रुपवर टाकतो आणि गावातल्या माणसालाच गावात काय चाललंय ते मुंबईहून कळतं. त्या काकाला ग्रुपवर तोंडघशी पाडून उपयोग नाही, त्याच्या जिवाला घोर लागलेला असतो. मी मुलांना दोन वाक्यं पाठ करायला लावते, तीही वेगळ्या निरोपातून पाठवायची: “काका, आम्ही बरे आहोत. तो व्हिडिओ कधीचा आहे ते विचाराल का?” एका मुलाच्या काकांनी व्हिडिओ स्वतःच काढून टाकला आणि खाली लिहिलं, जुना होता, माफ करा. मुलाने ते मला दाखवलं तेव्हा त्याला काय वाटलं असेल ते सांगायला नको.

एकदा खेळून सोडून देऊ नका. परिणाम ओसरतो हे वर सांगितलंच. मी जूनमध्ये पूर्ण खेळ घेते, गणपतीच्या सुट्टीआधी आणि दिवाळीनंतर दहा-दहा मिनिटांचे पाच-पाच पत्ते, आणि निवडणूक असेल तर तिच्या आधी आणखी एकदा.

माझे पत्ते मागितलेत तर आनंदाने पाठवीन, पण त्यांनी सुरुवात करू नका. आधी मुलांना सांगा की गेल्या पावसाळ्यात घरच्या ग्रुपवर आलेला एक संदेश वहीत उतरवून आणा, नावं गाळून. त्यातले खरे किती निघाले ते तुम्ही स्वतः तालुक्याच्या कार्यालयात किंवा सोसायटीत विचारून घ्या, मग पत्ते कापा. आणि पहिला पत्ता बावट्याचा ठेवा, तुमच्या वर्गात त्याचा अर्थ तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असलेलं एक तरी मूल असेल. तो पत्ता वाचायला त्यालाच उभं करा.